दोन भावांची थड

६ जून
नदीला धड पाणी नाही, तरी थडीचा एक तुकडा आज आपोआप खाली बसला. मागच्या पुराने तुरीच्या ओळी नेल्या, लिंब नेला आणि दोन वावरांमधला धुरा नेला. ज्या धुऱ्यावरून हे आणि भासरे, यांचे सख्खे थोरले भाऊ, दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, तो धुराच वाहून गेला. भांडण मात्र शाबूत.

११ जून
बचत गटाची बैठक, रशिदाभाबीच्या ओट्यावर. ठरलं. पुलापासून वळणापर्यंत सगळ्या थडीवर झाडं. पाण्याकाठी वाळा, वर बांबू, त्यामागे करंज नि जांभूळ. रोपं मंगरूळहून, भाबीच्या नवऱ्याच्या टेम्पोत. थडीवरचे सगळे तयार, एक सोडून. नेमकं वळणावर भासऱ्यांचं वावर. तिथे उघडं राहिलं तर पाणी तिथूनच घुसणार आणि आमची थड मागून कापणार.

१३ जून
भासऱ्यांकडे गेले. बस म्हणाले, चहा झाला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आज झाडं लावसान. उद्या म्हनसान, झाडं आमची तं जागा बी आमची."
झाडं तुमचीच, मेहनत आमची, असं सांगून पाहिलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मी उठून आले.
यांना सांगितलं तर म्हणाले, गेलीच कायले. नीट जेवलेही नाहीत.

२४ जून
लावणी. अख्खा गट, काही पुरुष पण. चिखल गुडघ्यापर्यंत. भाबीची चप्पल गेली ती गेलीच, सगळ्या हसून हसून बेजार. वळणापाशी येऊन थांबलो. भासऱ्यांच्या हद्दीत कोणी पाय टाकला नाही. हद्द कुठे, हेच आता कोणाला माहीत नाही. अंदाजाने थांबलो.

२७ जून
दुपारी मोठी जाऊ, कमलबाई, थडीथडीने आली. पदर खोचलेला, हातात कुदळ.
"उरले का वं काही बांबू? हे वाशीमले गेले हायेत."
मी म्हटलं, भासऱ्यांनी विचारलं तर?
"मी मायाच वावरात लावून राह्यली. विचारतीन तं सांगीन."
दोघींनी मिळून लावले. वाळ्याचे थोडे ठोंब होते तेही. मधेच तिने माझ्या पोरीचा बारावीचा निकाल विचारला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिची अर्धी थड झाली, मग रोपं संपली.

२८ जून
लांबून बघून आले. बांबू उपटलेले नाहीत.

११ ऑगस्ट
परवा पूर आला, आज दोन दिवसांनी पाणी उतरलं. धावतच गेलो सगळे. वाळा आडवा झोपलेला, गाळाने माखलेला, पण ओढला तर जागचा हलत नाही. करंज बरेच गेले. बांबू उभे, शेंड्यापर्यंत कचरा. थड कुठे कुठे खचली, वावर राहिलं. पूर मागच्याएवढा नव्हता, हेही खरं.
भासऱ्यांची उघडी बाजू मात्र कापली गेली. सोयाबीन मुळ्यांवर लटकत होतं. ते तिथेच उकिडवे बसलेले. जावेने लावलेला एक बांबू त्यांनी हाताने हलवून पाहिला. परत हलवला. मला बघून म्हणाले, "सुनंदा, वाळ्याचे ठोंब अजून भेटतीन का?"
हे माझ्या मागेच होते. घरी आल्यावर कुदळीला नवा दांडा बसवत बसले.

१७ ऑगस्ट
वळणावर लावणी. दोघे भाऊ आले. बोलणं माझ्यामार्फत. त्याले म्हना, खड्डा खोल घे. त्याले सांग, मले मालूम हाय. भाबी म्हणाली, सुनंदा, तुझा तर फोन झाला. दोघांनाही ऐकू गेलं. भासऱ्यांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. हसले असणार.

१४ ऑक्टोबर
पाऊस गेला, ऊन कडक. वळणावरची नवी रोपं माना टाकून राह्यली. आमची मोटर लांब, पाईप पुरत नाही. भासऱ्यांची मोटर अगदी जवळ. कमलबाईचा निरोप आला : पाणी द्यायला ते तयार आहेत, पण "त्याले म्हना, पानी मांगाले स्वतः ये."
निरोप ऐकून हे खाटेवर बसले. मी भाजी निवडत होते. मग उठले, तोंड धुतलं, टोपी घातली. मी पदर सावरला तर म्हणाले, "तू नोको येऊ."
ऊन कललं. अजून आले नाहीत. नदीकडून मोटरीचा आवाज येतोय. कोणाची, ते इथून कळत नाही.