चित्रात नाही ते

सोमवार, ३ मार्च
पोचलो एकदाचा! खोली अशी मिळालीय की ताईनं पाहिली तर जळून खाक होईल. उत्तरेचा उजेड, खिडकीत अख्खी दरी. मालकांना बायकोचं तैलचित्र हवंय, पायाशी कुत्रा, मागे हीच दरी, सगळं हुबेहूब. बाई डावा हात शालीत घेऊन बसतात, हूं की चूं करत नाहीत. दोन वेळचं आयतं जेवण, वर पोट खपाटीला गेलंय म्हणून आग्रह! आपली स्वारी खूश आहे.

गुरुवार, ६ मार्च
दरीतलं मोठं झाड नेमकं बाईंच्या डोक्यामागे येतं, जणू डोक्यातूनच उगवलंय. सरळ गाळून टाकलं. आम्ही चित्रकार एवढी लबाडी करतोच. मालक आधी चित्राकडे, मग खिडकीकडे बराच वेळ बघत राहिले.

शुक्रवार, ७ मार्च
सकाळी झाडाच्या जागी नुसता बुंधा. मालक कुऱ्हाड पुसत, घामाघूम आत आले नि म्हणाले, आता जुळलं. मी हसलो. एकेकाची तऱ्हा!

रविवार, ९ मार्च
कुत्रा झक्क उतरलाय. मागचा एक पाय खुर्चीआड गेला, म्हणून तीनच दिसतात.

सोमवार, १० मार्च
कुत्रा तीन पायांवर आला. चौथ्याच्या जागी फडकं, त्यातून रक्त ठिबकतंय. मालक म्हणाले, आता जुळलं. पळायला गेलो तर दाराला बाहेरून कुलूप.

मंगळवार, ११ मार्च
बाईंचा डावा हात मी शालीतच ठेवलाय! मालक बाहेर गेल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, दादा, पाया पडते तुमच्या, हात बाहेर काढा, नखांसकट काढा. दिवसभर तेच करतोय. इतकं घाबरून कधी ब्रश धरला नव्हता.

बुधवार, १२ मार्च, सकाळ
मालकांनी चित्रातल्या डाव्या हाताची बोटं मोजली, मग बाईंची. पाच आणि पाच. कुऱ्हाड खाली ठेवली. बाई रडल्या, मीही रडलो. मग मालकांनी मला शांतपणे विचारलं, रोज या खोलीत तुम्ही असता, मग चित्रात कुठं आहात?

दुपार
दरीतल्या पायवाटेवर स्वतःला काढलं. चेहरा झाला — हात झाले — कमरेपर्यंत आलो, तेवढ्यात मालकांनी रंग-ब्रश सगळं उचलून नेलं. म्हणाले, पुरे.

बाई खाली रडतायत. कुत्रा दाराबाहेर कण्हतोय.

याच पेन्सिलीनं पाय काढून पाहतोय — ओल्या रंगावर उमटतच नाही — घसरते — जिन्यात पावलं — एक तरी, देवा, एक तरी पा—