निळं तोकडं कापड

३ जून १९९४, शुक्रवार

पोचलो एकदाचे! बेटावरून पादांगपर्यंत जहाज, पुढे दीड दिवस बस, मग तळ्यातली होडी — आणि धक्क्यावर अख्खं लुंबान हरियारा गाव गोळा झालेलं. पाच वर्षांनी येतोय. सासूबाई सगळ्यांच्या पुढे, हातात तांदळाची वाटी. कशी आहेस, काय आहेस — काही नाही. आधी तिघांच्या डोक्यावर कच्चे तांदूळ ठेवले. यांच्या, माझ्या, आमच्या मुलीच्या — रुमोंदांगच्या. "जीव घट्ट राहू दे. परक्या मुलखात अर्धा सांडून आला असाल." लेकाच्या डोक्यावर पुन्हा एकदा ठेवले. तेवढ्यात यांना उबळ आली आणि सगळे दाणे पाण्यात! सासूबाईंनी वाटी पदराआड धरली.

एप्रिलपासून खोकताहेत. पाच वर्षांत या माणसाने रजेचं नाव काढलं नव्हतं — मंडळीला वाऱ्यावर सोडून पाळकाने जायचं कसं? आणि मे महिन्यात आपणहून म्हणाले, "घरी जाऊन येऊ." स्वतःच्या छातीची भीती वाटल्याशिवाय हे असं म्हणायचे नाहीत. विचारलं तर म्हणाले, "जायला हवं, एवढंच." थाप मारता येत नाही यांना, म्हणून गप्प बसतात.

कॉफीच्या टपरीवरचा जोंगी यांचा शाळेतला दोस्त. "पाळक, तिकडच्या लोकांना शुभवर्तमान देता देता मांसही देऊन आलास की काय रे!" सगळे हसले. मी नाही.

लामरिया धक्क्यावर नव्हती.

४ जून, शनिवार

सकाळीच तिच्याकडे गेले. ओसरीवर, कंबरेला मागाचा पट्टा बांधून बसलेली. उठली नाही. "आलीस, वैनी? मला वाटलं तिकडच्या माकडांनी ठेवून घेतलं, आपली म्हणून!"

तिची आई माझी सख्खी आत्या. लामरियाला भाऊ असता तर मला त्यालाच द्यायची होती; तो झालाच नाही, पण वैनी म्हणायची तिने सोडलं नाही. दोघींनी आत्याकडेच विणायला घेतलं. माझं आठवड्यात सुटलं, तिचं जन्माचं झालं. नवरा तळ्यात बुडाला तेव्हा ती सव्वीसची. मूलबाळ नाही. मागच तिचं घरदार.

वाळली आहे. म्हटलं, जेवत नाहीस वाटतं? "माझ्या ताटातलं चोरून खाणारी बेटांवर गेली, मग भूक कशाला लागेल?" हसताना कुशीवर हात दाबून धरला. आम्ही दोघी चाळिशी ओलांडलेल्या बायका तासभर मुलींसारख्या खिदळलो. किती दिवसांनी!

रुमोंदांगला विणायला शिकवते म्हणाली. तेरा वर्षांची आहे, शिकू दे.

७ जून, मंगळवार

बालिगेच्या इस्पितळात. छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसावर डाग आहे. डॉक्टर तरुण आहे, माझ्याकडे न बघता बोलला. तीन दिवस थुंकी द्यायची, मग निकालाला दोन आठवडे. "क्षय असू शकतो. दुसरंही असू शकतं." दुसरं म्हणजे काय, ते विचारायची हिंमत झाली नाही.

परतीच्या होडीत लामरिया! धागा आणायला बाजारात गेले होते म्हणाली. पिशवी रिकामीच दिसली. भाव पटला नसेल. यांच्याशेजारी बसून आली, दोघंही गप्प.

८ जून

गावभर झालं. पाळकाला डाग आहे, पाळकाला डाग आहे. विहिरीवर बायका माझ्याकडे आतापासूनच विधवेकडे बघावं तशा बघतात.

११ जून, शनिवार



दुपारी लामरियाकडे गेले होते. रुमोंदांगला न्यायला. मागावर नवीन कापड चढवलेलं. गडद निळं. सिबोलांग! मयताच्या अंगावर घालायचं कापड! आमच्याकडे लहान पोरही ते ओळखतं. यांचा फोटो निघून चार दिवस नाही झाले, आणि माझ्या जिवाभावाची मैत्रीण ओसरीवर बसून, उजेडात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं—

म्हटलं, "हे कुणासाठी?"

"ज्याला लागेल त्याला."

"माझा नवरा अजून चालतोय-बोलतोय, लामरिया."

तिने मान वर केली. आणि काय म्हणावं? "बघ तरी नीट! तुझ्या ताडमाड नवऱ्याचे पाय गुडघ्यापर्यंत बाहेर येतील यातून."

थट्टा! यावरही थट्टा! माझं डोकंच फिरलं. तिची धाग्याची टोपली मी लाथेने उडवली. रिळं अंगणात गेली, कोंबड्या उडाल्या. म्हटलं, मेलेल्यांच्या कापडावर जगणाऱ्या बाईला जित्याची काय किंमत! नवरा तळ्यात गेला तेव्हा तुला घालायला मिळालं नाही, म्हणून आता माझ्या नवऱ्यावर घालतेस का?

हे बोलायला नको होतं. पण बोलले. ती मागाचा पट्टा सोडून, हळूहळू, एकेक रीळ वेचायला लागली. रुमोंदांग तिच्या मदतीला गेली, माझ्यामागे आली नाही.

१२ जून, रविवार

उपासनेला लामरिया नेहमीच्या बाकावर. मी मागच्या बाकावर बसले.

१५ जून

हे म्हणाले, "जाऊन ये तिच्याकडे. उद्यावर टाकू नकोस." म्हटलं, तिने यावं, चूक तिची. पुन्हा संध्याकाळी तेच. "दोर्मा, माझ्यासाठी जा." सोळा वर्षांच्या संसारात यांनी मला एवढं विनवलेलं नाही. पाळकीण म्हणून क्षमा करायची ती गावासमोर. घरात मी माणूस आहे!

रुमोंदांग मात्र रोज जाते. मुलीला भांडणात ओढायचं नाही, असं यांनी बजावलंय.

१७ जून, शुक्रवार

रुमालावर रक्ताचा ठिपका. एवढासा. यांनी लपवला, मी पाहिला, मीही पाहिलं नाही असं दाखवलं.

देवळात एकटीच गेले. दुसऱ्यांना प्रार्थना शिकवणारी मी — मला शब्द सापडेनात. शेवटी एवढंच म्हटलं: देवा, हे दुखणं आमच्या घरातून काढ. कुठेही ने. कुणाच्याही घरी ने.

असं मागतात का कुणी? पण मागितलं.

२३ जून, गुरुवार

काही नाही!! काही नाही!! डाग लहानपणचा आहे, जुना, वाळलेला. थुंकी तिन्ही वेळा स्वच्छ. खोकला तिकडच्या ओलीचा आणि चुलीच्या धुराचा, घसा आतून सोलवटलाय म्हणून रक्त. औषध दिलं, पुढच्या महिन्यात कामावर जायला हरकत नाही.

होडीत मी मोठ्याने रडले. नावाडी घाबरला. हे शांत होते. मला वाटलं होतं, जरा तरी हसतील.

२५ जून, शनिवार

सासूबाईंनी मासा केला. तळ्यातला, हातभर लांब, आख्खा — न कापता, न मोडता. मरणाच्या दारातून माणूस परत आला की आई स्वतःच्या हाताने भरवते. "जीव घट्ट बस रे बाबा, पुन्हा कुठे जाऊ नकोस." चाळीस माणसं जेवली. जोंगीने दोन गाणी म्हटली, दुसऱ्याची चाल विसरला.

लामरिया आली नाही. रुमोंदांगच्या हाती तिच्या परसातल्या तिरफळांची पुडी पाठवली. निरोप — "माझ्या झाडाशिवाय मासा शिजवलास? पाच वर्षांत जीभ पार मेली तुझी!" मी पुडी फळीवर ठेवून दिली. उघडली नाही. स्वतः का येत नाही? चार घरं चालवत नाही का?

२७ जून, सोमवार

नाही चालवत.

रुमोंदांग दुपारी आली, बोटं निळी झालेली. म्हटलं, मावशी तुझ्याकडून फुकट राबवून घेते वाटतं. ती म्हणाली, "मावशी आता बसत नाही, आई. पडून सांगते, मी विणते. घाई कर म्हणते." मग थांबली. "काल तिने ते कापड मला तिच्या अंगावर धरायला लावलं. ते बाबांचं नाही, आई. तिच्याएवढंच आहे."

मी अनवाणीच गेले.

चटईवर होती. पांघरूण काढलं, तर अंगावर मांस नाही आणि पोट तेवढं फुगलेलं. गाठ आहे. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं — कापण्यापलीकडे गेलंय. म्हणजे त्या दिवशी होडीत ती इस्पितळातूनच...

"सांगितलं का नाहीस?"

"तू टोपली उडवून निघून गेलीस. सांगू कुणाला? कोंबड्यांना?"

"त्याआधी सात दिवस होते!"

"ते सात दिवस चांगले गेले, वैनी."

मग सरळच बोलली. बाई गेली की मामाच्या घरचं कापड अंगावर पडावं लागतं. तिचा मामा म्हणजे माझे बाबा. ते गेले. माझे दोन्ही भाऊ गेले. "मामाचं घर म्हणजे आता तूच. तू आणायचं, तू घालायचं. आणि तुला विणता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच विणते. नाहीतर उघडी जाईन."

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, "ऊठ. पाय दुखतात."

२८ जून

तिच्याकडेच राहते. सासूबाई भाताची पेज पाठवतात. दोन चमचे जाते. तिरफळांची पुडी उघडून पेजेत एक दाणा चेचून घातला. तिची जीभ चुरचुरली तेवढ्याने तिला बरं वाटलं.

टोपलीचं मी काढलं. तुझ्या नवऱ्याचं बोलले त्याचं काढलं. तिने हात उडवला.

१ जुलै, शुक्रवार

कापड झालं. शेवटची वीत रुमोंदांगची, एक कड वाकडी आली. पोर रडकुंडीला आली. लामरियाने बोटांनी चाचपून पाहिलं. "वाकडी कड पायाकडे ठेवा. वर गेल्यावर आधी तोंड बघतात."

४ जुलै

बोलत नाही. माझं बोट धरून आहे.

हे दोन्ही वेळा येतात, स्तोत्र वाचतात. वाचता वाचता आवाज जातो. मी म्हटलं, तुम्ही तर अजून खोकताच आहात. "हो," म्हणाले. खोकला नव्हता तो.

७ जुलै, गुरुवार

पहाटे गेली. घंटा आमच्या रुमोंदांगने वाजवली.

९ जुलै, शनिवार

माती झाली. थोरल्या माणसांनी कुरकूर केलीच — परघरी दिलेली लेक मामाचं कापड कशी घालते? आजवर असं झालं नाही. मी कापड छातीशी धरून उभी. शेवटी सासूबाई पुढे झाल्या. "दुसरं कोण आहे ते दाखवा. आहे कोणी? मग वाट द्या."

मी घातलं. खांद्यापासून पायापर्यंत. बरोब्बर बसलं, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. वाकडी कड पायाकडे.

माझ्या नवऱ्याचे पाय खरंच बाहेर आले असते. ती मला सांगतच होती! डोळे असून मी बघितलं नाही.

११ जुलै, सोमवार

जानेवारीतलं दुखणं जूनमधल्या प्रार्थनेने येत नाही. एवढी अक्कल मला आहे. पण मी "कुठेही ने" म्हणाले होते, आणि तेव्हा ती चार घरं पलीकडे होती. आणि सोळा दिवस! मोजूनमापून मिळालेल्या दिवसांतले सोळा दिवस मी फुरंगटून घालवले. ती पडून, आणि मी मागच्या बाकावर. हे माझ्याकडून कुणी परत घेणार नाही. कुणाला सांगायचीही सोय नाही — पाळकिणीने कुणापाशी पाप कबूल करायचं?

१५ जुलै, शुक्रवार. होडीत.

परत निघालो. गाव दिसेनासं झाल्यावर यांनी पवित्र शास्त्रातून एक पत्र काढून माझ्या हातात दिलं. "तिला शब्द दिला होता, म्हणून आत्तापर्यंत दाखवलं नाही."

लामरियाचं अक्षर. मिशनच्या कचेरीच्या पत्त्यावर, यांच्या नावाने. तारीख १९ फेब्रुवारी.

यांचा खोकला एप्रिलचा.

"पाळक, जुलैपर्यंत आहे म्हणतात. तिला घेऊन या, पण कारण सांगू नका. कळलं तर उतरल्यापासून रडत बसेल, आणि रडणाऱ्या बायका मला गावात पुष्कळ आहेत. भांडायला कुणी उरलेलं नाही. एकदा तरी कडाडून भांडू दे मला तिच्याशी, पूर्वीसारखं. मग सांगेन."