कायमचा पत्ता

४ नोव्हेंबर

फोनची डबी बसली एकदाची! छपरावर पांढरी थाळी, आत खांबाला डबी, डबीला तीन हिरवे दिवे. कंपनीचा विसाल सकाळपासून आमच्या छपरावर नाचत होता. खाली उतरला आणि विचारतो कसा — "यिआय, कायमचा पत्ता सांगा."

(घरात पाळणा अजून हललेला नाही, पण तोनले साप तळ्याच्या या टोकाला सगळे मला यिआय, म्हणजे आजीच, म्हणतात. फुकटचा मान! कुन्थिआ, हेही लिही. मी बोलते, सूनबाई लिहिते. तिला टोचणारं असलं तरी गाळायचं नाही, असं ठरलंय.)

कायमचा पत्ता! आमची घरं तरंगती. पाणी चढलं की रानाच्या कडेला येतो, उतरलं की त्याच्या मागोमाग आत तळ्यात जातो. शेजारची यिम तिच्या ओट्यावरून ओरडली, "कायमचा पत्ता विहाराच्या मागे, राखेच्या मडक्यात! तोवर दम धर म्हणावं."

विसालही हसला. मग गंभीर झाला. म्हणाला, "आधी टेकडीवरचा मनोरा चारी दिशांना ओरडायचा. आता कुठलं घर कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं. तो नेमका त्या घराच्याच दिशेने बोलतो. वाया काही जात नाही, आवाज पोचायला उशीर होत नाही. फक्त एक — घर हलवायचं नाही."

आम्ही इतक्या हसलो की त्याला वाटलं, खूश झालो.

६ नोव्हेंबर

मनोऱ्याचं चारी दिशांना ओरडणं बंद केलं. आता डबीशिवाय तळ्यावर कुणाचा फोन लागत नाही. नंबर मात्र जुनाच ठेवून घेतला. तो एकच नंबर फेआरुनला पाठ आहे.

फेआरुन माझा मुलगा. कुन्थिआचा नवरा — म्हणजे असं लग्नात ठरलं होतं! थायलंडकडच्या मासेमारी बोटीवर असतो. पावसाआधी शेवटचा बोलला. "बोट बंदराला लागली की फोन करीन, आई. फोनजवळच राहा." बसलेय जवळच. याचा बाप 'आलोच' म्हणून गेला, तो अजून येतोय.

२३ नोव्हेंबर

होड्यांच्या शर्यतींचा सण झाला. पाणी परत फिरलं.

२९ नोव्हेंबर

घरं निघाली. पहिलं यिमचं. दोन होड्यांनी ओढलं. वळणाच्या झाडापर्यंत पोचलं नाही तोच तिच्या डबीचे तिन्ही दिवे लाल. मग सगळ्यांचीच तीच गत.

यिमचा नवरा किनाऱ्यावर जाऊन विसालला भेटून आला. "नवी जागा कळवा म्हणतो. माणूस येऊन मोजून जाईल."

"कधी?"

"पाळी आली की."

पाळी येईपर्यंत आम्ही आणखी दोनदा सरकलेलो असणार! मनोरा अजून यिमच्या जुन्या जागेशीच बोलतोय. तिथे आता बदकं पोहतात. बदकांना फुकट इंटरनेट!

मी सांगून टाकलं — आमचं घर हलणार नाही.

यिमचा नवरा डोक्याला हात लावून बसला. "म्हातारे, डबीसाठी घर चिखलात घालतेस?"

"डबीसाठी नाही रे. तिच्यातून जो बोलणार आहे त्याच्यासाठी."

"आई," कुन्थिआ म्हणाली, "आत्ता नाही ओढलं तर पुढच्या पाण्यापर्यंत इथेच. मग कुणी हलवू शकणार नाही."

म्हटलं, तुझा नवरा आहे, तू सांग. फोन आला आणि कुणी उचललाच नाही तर? तिने ओढायचा दोर गुंडाळून ठेवला. तेवढ्यावर ठरलं.

(हे लिहिताना पेन्सिल फार दाबतेय. दाब. कागद फाटला तर दुसरा आहे.)

६ डिसेंबर

शेवटचं घर गेलं. कुत्रीसुद्धा गेली.

१८ डिसेंबर

घराखालचे बांबू चिखलाला टेकले. पूर्वेकडची बाजू खाली गेली. भाताचं भांडं ठेवलं की चालू लागतं. कुन्थिआ म्हणते, मीही चालू लागेन एक दिवस. मी म्हटलं, उतार तुझ्या माहेराकडेच आहे, सोपं जाईल.

हसली नाही. पूर्वी हसायची.

२ जानेवारी

आता ना होडी चालत, ना पाय. दारापासून झाडापर्यंत चिखल. कुन्थिआ मांडीभर चिखलातून डबक्यापर्यंत जाते, पाणी आणते, ते गाळायचं, उकळायचं. ताजी मासळी संपली. बरणीतला आंबवलेल्या मासळीचा प्राहोक आणि भात. प्राहोकचा वास येत नाही आताशा. चिखलाचा जास्त येतो.

डबी मात्र ठणठणीत! दिवे हिरवेगार. मनोऱ्याला अख्ख्या तळ्यात एकच घर जागेवर सापडतं — आमचं. लाडकी सून झालेय मी त्याची.

११ जानेवारी

फोन वाजला!

कुन्थिआच्या हातून ताट पडलं. मी पडत-धडपडत गेले. "फेआरुन! बाळा!"

पलीकडे बाई. गोड आवाज. "आमची सेवा कशी वाटली? एक ते पाचमधला आकडा सांगा."

म्हटलं, बाई गं, चिखलात तिरकी बसून ऐकतेय, पण आवाज काय स्वच्छ येतो तुझा! पोटातली भूकसुद्धा ऐकू जात असेल तुला.

"म्हणजे पाच का?" म्हणाली.

१२ जानेवारी

कुन्थिआ बोलत नाही. मी सांगते ते लिहिते फक्त.

१९ जानेवारी

आज फोन आला. फेआरुनच. आवाज असा, जणू दारात उभा आहे.

"आई, मी परवा आलो होतो."

एका दिवसाची सुट्टी मिळाली होती. फोन का केला नाहीस विचारलं, तर म्हणतो, "जातोच आहे घरी, फोन कशाला." आणि गेला सरळ आत तळ्यात, या दिवसांत आपलं घर असतं तिथे. यिमच्या शेजारी. नुसतं पाणी होतं. यिमने सांगितलं, आम्ही कुठे रुतलोय. तिच्या डबीवरून फोन लावायला गेला — मेलेली. होडी घेऊन निघाला, ती चिखलात बसली. संध्याकाळची गाडी गाठायची होती. परत फिरला. आज बोट सुटतेय. आता पुढच्या वर्षी.

मग म्हणाला, "आई, पुढच्या वेळी घर जागेवर ठेव."