बिनआवाजाचा रस्ता

आलापल्ली, रविवार संध्याकाळ

लॉजच्या खिडकीतून वायर खाली सोडून गाडी चार्जिंगला लावली आहे. बाबा जेवले नाहीत.

आलापल्लीच्या याच रस्त्यावर त्यांनी आयुष्यभर सागवानाचा ट्रक चालवला. आता डोळे गेले, म्हणून म्हटलं नव्या इलेक्ट्रिक गाडीतून एकदा जंगल फिरवून आणू. की हौस माझीच होती?

मूल गाव सोडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "गाडी उभी हाय का?"

"नाई बाबा, चालून राह्यली."

सावली गावाच्या पुढे पुन्हा तेच. वैनगंगेच्या पुलावर पुन्हा. चार्ज पुरावा म्हणून मी हळूहळू चालवत होते, काचा बंद, आणि दोन्ही बाजूंचा साग त्यांना सांगत होते. इंजिन कुठे दमतं, कुठे मोकळं होतं, यावरून त्यांना चढ, वळण, नाला कळायचा. मला हे माहीत होतं. तरी सुचलं नाही.

उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, ट्रक थांबवल्यावर ठेवायचे तसा. बॉनेट थंड होतं. हात मात्र बराच वेळ काढला नाही.

खोलीत आल्यावर मी म्हटलं, "पोचलो बाबा, आलापल्ली आली."

ते म्हणाले, "तू म्हणते तं असन."