म्हशीचं पाणी

मंगळवार, रात्र

भांडी धुण्याचं मशीन आज एकदाचं बसलं. फिटर गेल्यावर नळाचा जोड मी कोरड्या फडक्यानं पुसून पाहिला. गळत नाही. तरी पुन्हा पाहिला. डॉक्टरांनी आईला महिनाभर भांडी घासायची नाहीत म्हणून सांगितलंय, मनगटाला पट्टी आहे. हे सगळं तेवढ्यासाठीच.

आणि जेवणं झाल्यावर बघतो तर आई मागच्या दारी घमेल्यात ताटं विसळत बसलेली. पट्टी भिजलेली.

"आई, मग मशीन कशाला आणलंय?"

"आरं, तुझं मशीन खरकटं पाणी गटारीत सोडतंय. म्हशीनं काय प्यायचं? ती वाट बघती रोज."

हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाईप तीनदा मोजला आणि म्हैस विसरलो. मशीनचं पाणी साबणाचं, ते तिला चालणार नाही. म्हणजे पहिलं पाणी हातानंच काढायचं.

घमेलं मी ओढून घेतलं. आई शेजारी बसून सांगत होती, "कालवणाचं पातेलं नको त्यात. तिखट लागंल तिला."

फार दमलोय. पण उद्यापासून हे काम माझं, दोन्ही वेळा.

आईची पट्टी बदलून दिली. कोरडी आहे. तरी पुन्हा पाहिली.