शुक्रवारी वाजलेला फोन

रविवार, २१ जुलै २०१९

हनोखदादास,

शालोम. इकडे सगळे ठीक. पपांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. गुडघे सोडले तर तक्रार नाही. रिबकामावशीने मलिदा केला, तेव्हा सगळ्यांनी तुझी आठवण काढली.

क्लबच्या साठाव्या वर्षाचं पुस्तक माझ्याकडे आलंय. मातीची मैदानं, तीनदा वरच्या लीगमध्ये चढणं, दोनदा खाली घसरणं, १९९५चा राष्ट्रीय कप, सगळं लिहून झालं. युरोपचं प्रकरण तेवढं तीन आठवडे कोरं होतं. शेवटी लिहिलं, ‘स्वीडनमध्ये शेवटच्या मिनिटाला गोलकीपरच्या हातून बॉल निसटला.’ नाव घातलं नाही. तुला वाचवलं की स्वतः भ्याले, ठरवता येत नाही. तसं नाव सगळ्यांना पाठ आहे. बाजारात कुणाच्या हातून अंडी पडली की मिमून कोंबडीवाला अजून म्हणतो, “काय रे, हनोख झालास?”

आता क्लब पुन्हा युरोपात गेलाय, आणि गाठ पडली ती स्वीडनच्याच, तू राहतोस त्या शहराच्या क्लबशी. पपांनी तिकीट काढलं. या वयात प्रवास झेपणार नाही, म्हटलं, तर म्हणाले, “मॅच गेली खड्ड्यात. मला पोराला विचारायचंय, माझं काय चुकलं.”

म्हणून हे लिहायला बसले.

दादा, तो सामना हरल्यावर शुक्रवारी तू फोन केलास. तुझ्याकडे अजून ऊन होतं. इकडे आईने दिवे लावून तास झाला होता. शब्बाथ लागलेला, म्हणजे फोनला हात लावायचा नाही. फोन अकरा वेळा वाजला. पपा समोर बसून होते, मांड्यांवर हात दाबून. वाजायचा थांबल्यावर म्हणाले, “तिकडच्या उन्हाकडे बघून केला असणार. घाबरलंय पोरगं. उद्या तारे दिसले, शब्बाथ सुटला की मीच फोन लावतो.”

शनिवारी तारे दिसल्यावर ते तुझ्या हॉटेलचा नंबर आणायला क्लबात गेले आणि तेवढ्यात तुझा फोन आला. पपांनी का उचलला नाही, एवढंच तू विचारलंस. ‘शब्बाथ होता’ म्हटलं असतं तर पुरलं असतं. मी म्हटलं, “पपा तुझं तोंड बघणार नाहीत. येऊ नकोस.”

त्याच शनिवारी सकाळी आपल्या दारावर कुणीतरी गोलकीपरचे हातमोजे सुरीने ठोकून ठेवले होते. ते मी एकटीने पाहिले, काढून कचऱ्यात टाकले आणि कुणाला बोलले नाही. तू उतरलास तर लोक तुला जिवंत सोडणार नाहीत असं वाटलं. पंधरा दिवसांनी खरं सांगू, असं ठरवलं होतं.

पंधरा दिवसांत लोक निवले. त्यानंतरची चोवीस वर्षं मी तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी भीत होते. तू मलाच पत्रं लिहीत राहिलास. पपांना वाटलं, तू त्यांना टाकलंस. आई गेली, तू आला नाहीस, तेव्हाही मी गप्प बसले.

तुला मी फक्त विमानाची वेळ कळवली. तू विमानतळावर भीतभीतच आला असशील. हे पाकीट पपांनीच तुझ्या हातात दिलंय. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही. आधी त्याला वाचू द्या, मग विचारा, एवढंच मी त्यांना सांगितलंय.

आता ते तुझ्या तोंडाकडे बघत असतील. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, हे त्यांना सांग. कुणाचं चुकलं, तेही सांग. माझी छाती झाली नाही.

तुझी म्हणवायला कचरणारी,
ओर्ना