आप्पांच्या ट्रकचा पंखा

उस्ताद, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसलोय. समोर होतात तेव्हा तोंड शिवल्यागत गप्प राहिलो. आत्ता तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लवकर सुचलं रं तुला."

इनामगावकडच्या आप्पांचा ट्रक तुम्हाला आठवत असेलच. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आप्पांनी ती विकून जुना ट्रक घेतला. रांजणगावच्या कंपन्या तेव्हा नुकत्याच उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत मी दोन वर्षं वायरिंग केलं, पटलं नाही म्हणून शिरूरला तुमच्या गॅरेजात आलो. तिशीतला बाप्या, दोन लेकरांचा बाप, आणि मिजास अशी की जणू कंपनी मीच उभी केली. आप्पांच्या ट्रकचा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा सारखा कुरकुर करायचा. मीच म्हणालो, तो काढून टाकू, बॅटरीवर चालणारा बसवू, इंजिनावरचा भार कमी होईल, डिझेलही वाचेल. तुम्ही दोन दिवस विचार केलात आणि म्हणालात, "करू. पर नीट करायचं, लोकाची गाडी हाय." पुण्याच्या जुन्या बाजारात स्वतः जाऊन भंगारातला दणकट पंखा शोधून आणलात.

जोडणी तुम्हीच केलीत. मला अजून दिसतंय, चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही रेडिएटरपाशी वाकलाय. पंख्याच्या दोन्ही वायरी तेलकटून सारख्याच काळ्या झाल्यात. तुम्ही एकीला पांढरा दोरा बांधता, "ही प्लसची, इसरायचं न्हाई," असं स्वतःलाच बजावता, जोडता आणि वर काळी टेप गुंडाळता. मग जुन्या पेपरचं पान ट्रकच्या जाळीला समोरून लावता. पंखा हवा आत ओढत असला की पान जाळीला चिकटून बसतं. वायरी उलट लागल्या तर पंखाही उलटा फिरतो, हवा बाहेर फेकतो आणि पान उडून जातं. तुमचं पान चिकटतं. तुम्ही हात धुऊन नमाजाला जाता.

तेवढ्या वेळात मी माती खाल्ली. ते टेपचं गाठोडं मला बघवेना. कंपनीत असलं काम केलं असतं तर सुपरवायझरनं हाकलून दिलं असतं, असं मनात म्हणत मी टेप सोडली, दोरा कापून फेकला आणि छानपैकी प्लग लावून वायरी जोडल्या. बटण दाबलं, पंखा भर्रकन फिरला. फिरतोय ना, मग झालं तर. पेपर लावून बघायला दोन मिनिटं लागली असती, पण मला तो अडाणीपणा वाटला. तुमच्या पद्धतीला मी मनातल्या मनात हसायचो, उस्ताद, ते आज लिहिताना कानकोंडं होतंय. तुम्ही परत आलात तर बॉनेट बंद होतं, आणि प्लगचं मी काही बोललो नाही. आप्पा गाडी घ्यायला येतील तेव्हा त्यांच्यापुढं दाखवून वाहवा घ्यायची होती. ते आले घाईत, आणि ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा कांदा भरून दौंडला निघाले. उन्हाचा कडाका होता. दौंडच्या अलीकडं गाडी तापली, आप्पांनी गडबडीत रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर आलं. शेजारच्या किराणा दुकानात फोन आला, तो मीच घेतला. तिथल्या कुणा मेकॅनिकनं लांबूनच बघून सांगितलं होतं की पंखा उलटा फिरतोय. कंबरेमुळं तुम्हाला मोटरसायकलवर बसवत नव्हतं, म्हणून तुम्ही एसटी धरलीत आणि मला पुढं पाठवलंत. आप्पांना दवाखान्यात नेलेलं, ट्रकपाशी चिटपाखरू नाही. मी बॉनेट उघडलं, प्लग काढून खिशात घातला, वायरी तशाच उलट्या पिळल्या आणि वर तुमच्यासारखी टेप गुंडाळली.

तुम्ही आलात, पेपरचं पान लावलंत, ते उडालं. टेप सोडून वायरी बोटांनी चाचपत राहिलात. "दोरा बांधला व्हता ना रं मी?" मी म्हणालो, "मला तर नाही दिसला." दवाखान्यात तुम्ही आप्पांच्या पायाशी बसून म्हणालात, "माझ्या हातनं झालं आप्पा, माफी करा." ते कण्हत म्हणाले, "जाऊ द्या उस्ताद, मुद्दाम केलं व्हय तुमी?" मी दाराशी उभा होतो.

नंतर तुम्ही डोळे तपासून आलात. "डोळं चांगलं हायेत म्हनतो डाक्टर," तुम्ही सांगितलंत, "मग डोस्कंच गेलं म्हनायचं. बांधल्याचं सोच्छ आठवतंय, आन् दोरा न्हाई." तिथून तुम्ही स्वतःवरच संशय घ्यायला लागलात. शटरला कुलूप लावून वाटेतून परत यायचात. एकच नट तीनदा आवळायचात, मग मला म्हणायचात, "तू बघ रं एकदा." वर्षाच्या आत पाना खाली ठेवलात आणि गॅरेजच्या चाव्या माझ्या हातात दिल्यात. "तू हायेस म्हनून बरं हाय," म्हणालात. मी चाव्या घेतल्या. त्या गॅरेजावर माझं घर झालं, पोरांची शिक्षणं झाली, आणि या सगळ्याची मला लाज वाटते.

ईदला मी अजून तुमच्या घरी जातो. यंदा शीरखुर्मा वाढताना चाची म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्यांचं डोस्कं साथ देईना झालं. त्या ट्रकपास्नंच सुरू झालं ते." मी म्हणालो, "वय झालं की होतं तसं, चाची." त्यांनी मान हलवली आणि माझी वाटी पुन्हा भरली. मी ती संपवली.

तुम्हाला हे पोचायचं नाही, म्हणूनच एवढं खरं लिहिता आलं. चाचींचं घर मात्र दोन गल्ल्या सोडून आहे. त्यांना हे वाचून दाखवलं तर तुमचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं, एवढं तरी त्यांना कळेल. ते त्यांना कळायला हवं, हे मला पटतं. तरी मी जाणार नाही, उस्ताद.